नाना, तुम्ही जेसीबी थांबवलात ते बरं केलंत

बळसाणे, ता. साक्री, जि. धुळे

आदरणीय नानांस,
सप्रेम नमस्कार.

नाव कुठं लिहायचं नाही, ही तुमची अट मी पाळतोय. पण पत्र लिहायचं नाही असं काही तुम्ही म्हणाला नव्हतात. फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "बरं बरं, कांद्याला काय भाव?" असं विचारून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. आमच्यासारखे देवळाच्या सावलीत राहणारे आणखी कुणी वाचतील, त्यांच्याही कामाला येईल.

गेल्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तीन दिवस आधीची गोष्ट. सकाळी साडेसातला जेसीबी दारात उभा. दादांनी 1987 साली जीपसाठी बांधलेलं गॅरेज पाडायचं होतं. दगडमातीच्या भिंती, वर पत्रा. साक्री-दोंडाईचा वडाप चालायची त्या जीपवर, आमची शाळा त्यातून झाली. जीप कधीच भंगारात गेली, पण आम्ही त्याला गॅरेजच म्हणायचो. आता त्यात ट्रॅक्टर लावायचा तर त्याची वरची छत्री काढून ठेवावी लागायची आणि ट्रॉली बाहेर भिजायची. पावसाळ्यात मागची भिंत पोटातून सुटली होती. म्हटलं, पाडू आणि तिथंच स्लॅबचं दणकट बांधू. मिस्तरी म्हणाला, "शनिवारी रात्री स्लॅब टाकू, सोमवारपर्यंत कोण बघायला येतंय?" तालुक्याच्या एका एजंटानं "वरचं मी बघतो" म्हणून आठ हजार आधीच घेतले होते. ते गेले ते गेले.

तुम्ही शेजारच्या वाड्यात पाहुणे म्हणून आलेले. तोंडात दातण, खांद्यावर पंचा. मी तुम्हाला ओळखतही नव्हतो. जेसीबीकडं बघितलंत, मग समोरच्या देवळाच्या तारेच्या कुंपणाकडं, आणि एवढंच म्हणालात, "पाडाना आधी मोजी तं ले, भाऊ."

खरं सांगू? मला राग आला होता. बळसाण्याची ही देवळं अकराव्या-बाराव्या शतकातली, हे आम्ही शाळेत घोकलेलं. त्यांच्या खांबांमागं आम्ही लपाछपी खेळलो, ओट्यावर मिरच्या वाळवल्या. आणि आता खिळा ठोकायचा तर दिल्लीची परवानगी? पुरातत्त्व खात्याचा निळा फलक इतकी वर्षं समोर उभा आहे, पण तो वाचायचा असतो हे कुणाला ठाऊक! तुम्ही तो मला उभं करून मोठ्यानं वाचायला लावलात. पोरं हसत होती.

मग ओट्यावर बसून तुम्ही जे सांगितलंत, ते जमेल तसं इथं मांडतो. चुकलं तर कान धरा. 1958 चा प्राचीन स्मारकांचा कायदा, त्यात 2010 साली दुरुस्ती झाली. केंद्राच्या संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढं आणखी 200 मीटर नियंत्रित क्षेत्र. प्रतिबंधित क्षेत्रात नवं बांधकाम नाही. पाडून पुन्हा बांधणंही नाही. 16 जून 1992 च्या आधीची वास्तू असेल तर तिची फक्त दुरुस्ती करता येते, तीसुद्धा परवानगी घेऊन. नियंत्रित क्षेत्रात नवं बांधता येतं, पण तिथंही आधी परवानगी. विनापरवाना बांधलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

हे ऐकल्यावर मी जेसीबीवाल्याला चहा पाजून, अर्ध्या दिवसाचे पैसे देऊन परत पाठवला. तो आजही मला "अर्धा दिवस शेठ" म्हणतो.

पण त्यापेक्षा मोठी गोष्ट तुम्ही पुढं सांगितलीत. गॅरेज उभं आहे तोवर दुरुस्तीचा अर्ज करता येईल. पडलं की दुरुस्तीला काही उरतच नाही, नुसती मोकळी जागा राहते, आणि तिथं पुन्हा काही उभं करायचा हक्क नाही. म्हणजे अर्ध्या तासात मी स्वतःच्या हातानं माझा हक्क जमीनदोस्त करणार होतो. "वर्ष लागेल लागलं तर. आधी नवीन कुठं होतं ते बघ, मग जुन्याला हात लाव." हे तुमचे शब्द मी कांद्याच्या चाळीच्या दारावर खडूनं लिहून ठेवले होते. पावसानं धुतले, पण घरात सगळ्यांना पाठ आहेत.

मग मोजणी. ती मला जन्मभर आठवेल. तीस वर्षं मोजणी खात्यात काढलेला माणूस टेप कसा धरतो, हे बघण्यासारखं असतं. मला वाटलं होतं, देवळाच्या भिंतीपासून मोजायचं. तुम्ही म्हणालात, नाही, संरक्षित हद्दीपासून, आणि ती कुठून सुरू होते हे तिथल्या राखणदाराला विचारून, खात्याचा हद्दीचा दगड शोधून मगच पहिली खुंटी ठोकलीत. मधे शेजारचा वाडा आडवा. सरळ रेषेत टेप जाईना. तुम्ही सुतळीला गाठी मारून तीन-चार-पाचचा त्रिकोण केलात, काटकोन धरलात, गल्लीनं बाहेर वळून पलीकडं पुन्हा काटकोन. मी टेपचं टोक धरून उभा, आणि तुम्ही ओरडताय, "ताण! झोळ पडला तर हात दोन हात खोटं वाढतं!" दुपारचं ऊन, गल्लीत कोंबड्या, टेपवरून एक शेळी गेली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. आकडे तुम्ही माझ्या खिशातल्या कांदापट्टीच्या पाठीमागं लिहिलेत. ती पट्टी अजून जपून ठेवली आहे. पुढच्या बाजूला आडत, हमाली, तोलाई. मागच्या बाजूला तुमच्या बारीक अक्षरात मीटर.

जुनं गॅरेज निघालं 71 मीटरवर. म्हणजे पूर्ण प्रतिबंधित क्षेत्रात. दुरुस्ती होईल, पण दार उंच करता येणार नाही, लांबी वाढवता येणार नाही. मग ट्रॅक्टर काय कमरेत वाकून आत जाणार? माझं तोंड उतरलेलं बघून तुम्ही विचारलंत, "मागं वाड्यात काय शे?" मागं काय, उकिरडा आणि कडब्याची गंजी. तिथंही मोजलं. पहिल्यांदा 103.40, दुसऱ्यांदा 102.85. मी उड्या मारायला लागलो. तुम्ही पट्टी घडी घालून खिशात ठेवलीत. वितभराच्या भरवशावर भिंत उभी करायची नाही म्हणालात. आणखी पाच मीटर मागं सरकवलंत, उकिरड्याच्याही पलीकडं. आई कुरकुरली, कारण तिचं शेवग्याचं झाड त्यात गेलं. नंतर पुरातत्त्व खात्याकडून माणसं त्यांच्या यंत्रानं मोजून गेली, त्यांना 107.9 मिळालं. तुमचा आकडा 108. त्यांतल्या एकानं विचारलं, आधी कुणी मोजलं होतं? मी सांगितलं, एका पाहुण्यानं, आखाजीला आलेल्या.

कागदांचं तुम्ही जे करून घेतलंत, त्याबद्दल वेगळे आभार. ग्रामपंचायतीतून नमुना 8 चा जुना उतारा काढायला लावलात. पिवळ्या पडलेल्या रजिस्टरात दादांच्या नावापुढं "पत्र्याचे शेड एक" असं लिहिलेलं सापडलं. नव्या गॅरेजच्या परवानगीला त्याची गरज नव्हती, मी म्हटलंसुद्धा, कशाला एवढा खटाटोप? तुम्ही म्हणालात, नवीन नामंजूर झालं तर निदान जुन्याच्या दुरुस्तीसाठी, ते 1992 च्या आधीचं असल्याचा पुरावा हाताशी असू दे. त्या रजिस्टरात दादांची सही बघून मी ग्रामसेवकाच्या टेबलापाशी जरा वेळ नुसताच उभा राहिलो.

राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या ऑनलाइन यंत्रणेवर अर्ज तुमच्या भाच्यानं भरला. जागेचा उतारा, नकाशा, चारी बाजूंचे फोटो, उपग्रहावरच्या चित्रात खूण. कायद्यातल्या मुदती तुम्ही मला बोटांवर मोजून दाखवल्यात. परवानगी देणाऱ्या सक्षम अधिकाऱ्यानं 15 दिवसांत अर्ज प्राधिकरणाकडं पाठवायचा, प्राधिकरणाला दोन महिने, त्यांचं उत्तर आल्यावर सक्षम अधिकाऱ्याला एक महिना. आम्हाला पाच महिने लागले, त्यातला सव्वा महिना माझ्या चुकीचा. उताऱ्याचा फोटो इतका धुरकट टाकला होता की सर्व्हे नंबरच दिसत नव्हता. पत्र आलं तेव्हा वाटलं, नाकारलं. रात्री दहाला तुम्हाला फोन केला. तुम्ही झोपेतून उठून म्हणालात, "कागद शे ना, मंग कसाले घाबरस? परत पाठव." परत पाठवला.

उंचीचं तुम्ही सांगितलं नसतं तर तिथंही फसलो असतो. मी भिंतीची उंची लिहिणार होतो. तुम्ही म्हणालात, पत्र्याच्या आढ्यापर्यंत मोज, मंजुरीतली उंची वरच्या शेवटच्या टोकापर्यंतची असते, कठडा आणि पाण्याची टाकीसुद्धा तिच्यात धरतात. साडेचार मीटर लिहिले, साडेचार मंजूर झाले, आणि मिस्तरीला मी एक इंच वर जाऊ दिलं नाही. हा दुसरा मिस्तरी. पहिला "शनिवारी रात्री" वाला अजून माझ्यावर रुसून आहे.

एकच प्रसंग राहिला. पायाच्या तिसऱ्या खड्ड्यात अडीच फुटांवर घडीव दगड लागला. एका बाजूला गोल कोरलेला. मजूर म्हणाले, काढून बाजूला ठेवू, चूल होईल. पण परवानगीतली अट डोळ्यांपुढं होती: खोदताना जुनं काही निघालं तर काम थांबवून कळवायचं. तुम्हीही फोनवर तेच म्हणालात, हात लावू नको, गोणपाट टाक. तीन दिवस काम बंद, मजुरांचे खाडे अंगावर. खात्याची माणसं आली, फोटो काढले, मापं घेतली आणि तो जुन्या तेलघाण्याचा तुटका दगड असल्याचं सांगून गेली. आईला केवढा आनंद! तिच्या आजोळी घाणा होता. त्या दगडावर आता ती संध्याकाळी बसते.

संक्रांतीला ट्रॅक्टर नव्या गॅरेजात लावला. छत्रीसकट आत गेला, ट्रॉलीही मागं मावली. मग जुनं काढलं. तुम्ही बजावलं होतं तसं आधी तिथल्या खात्याच्या माणसांना सांगितलं. जेसीबी नाही, हातानं. आधी पत्रे, मग वासे, मग एकेक दगड. जमीन खोदली नाही, पाया तसाच ठेवला. पत्रे चाळीला गेले, दगड बांधाला. नानांनी पाडू दिलं नाही म्हणून गावात हसणारेच हातभार लावायला आले. चहात साखर जास्त पडली, पण चार दिवसांत जागा मोकळी.

आणि नाना, एक गोष्ट तुम्हाला फोनवर सांगायची राहिलीच. गॅरेज गेल्यावर पहिल्या सकाळी आई ओट्यावर भाकरी खात बसली होती. एकदम म्हणाली, "अरे, देऊळ दिसतंय की!" दादांनी गॅरेज बांधल्यापासून ओट्यावरून देऊळ दिसत नव्हतं, आणि आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षातही नव्हतं. शिखर नसलेलं ते तीन गाभाऱ्यांचं देऊळ, पहाटेच्या उन्हात काळं-करडं. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड बसवलेला. माझा नवा मिस्तरी ते बघायला मुद्दाम गेला, सांध्यात नख घालून बघितलं. परत आल्यावर दिवसभर माझ्या विटांकडं तोंड वाकडं करून बघत होता.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. कळण्याची भाकरी, ठेचा आणि वर कांदा, एवढ्यावर तुमची मजुरी फिटली असं तुम्ही म्हणता. आमच्या घरात मात्र ते मान्य नाही. आखाजी पुन्हा आली आहे. आई खापरावरच्या पुरणपोळ्या करणार आहे, आमरस आहे, सांजोऱ्या आहेत.

शिवाय तुमचा तीस मीटरचा टेप आमच्याकडंच राहिलाय. बारा मीटरच्या खुणेपाशी शेळीच्या खुराचा डाग आहे, तो काही निघाला नाही. टेप पोस्टानं पाठवणार नाही. येऊन घेऊन जा.

तुमचा,
बळसाण्याचा अर्धा दिवस शेठ