मेण चमकेसाठी नसतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हाताने घडवलेल्या चिनी मातीच्या भांड्यांवर पानभर मजकूर आला. फोटो देखणे होते. मातीला एवढी जागा मिळाली याचा आनंद झाला, आणि तो तिसऱ्या परिच्छेदापर्यंत टिकला. तिथे लिहिलं होतं की भांड्याला चमक यावी म्हणून कलाकार शेवटी त्यावर मेणाचा हात देतात. त्याखाली ‘घरी करून पाहा’ अशी चौकट. मेणबत्त्या गॅसवर वितळवा, कुंभाराकडून आणलेल्या वाडग्यावर ब्रशने मेणाची नक्षी काढा, वरून ॲक्रिलिक रंग द्या, वाळल्यावर वार्निश मारा, की चटणीची वाटी तयार.

मी गेली १७ वर्षं धायरीला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भांडी करते. त्याआधी २२ वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे लाल पेनाची सवय अजून गेलेली नाही. चमकेबद्दलचं वाक्य हसून सोडून दिलं असतं. चौकट मात्र सोडता येत नाही, म्हणून हे पत्र.

आधी मेणाचं सांगते. पक्क्या भांड्यावर मेणाचा कणही नसतो. मेणबत्तीचं मेण साधारण ६० अंशाला वितळतं आणि माझी भट्टी १२२० अंशापर्यंत जाते. मेण त्याच्या कितीतरी आधी जळून धूर होऊन जातं. शेडची खिडकी उघडी ठेवली नाही तर घरभर देवळातल्यासारखा वास भरतो आणि आमच्याकडे त्यावरून बोलणी बसतात.

मग मेण लावायचंच कशाला? तर झिलई चिकटू नये म्हणून. झिलई, म्हणजे आम्ही जिला ग्लेझ म्हणतो ती, भट्टीत जाण्याआधी निव्वळ पाण्यात कालवलेली पूड असते, घट्टसर ताकाइतकी. एकदा भाजून घेतलेलं भांडं (बिस्क म्हणतात त्याला) त्यात बुडवलं की ते पाणी शोषून घेतं आणि पूड अंगावर बसते. जिथे मेण लावलंय तिथे पाणी आत शिरत नाही, थेंब अळूच्या पानावरून घरंगळावेत तसे घरंगळतात. तेवढी जागा उघडी राहते. शाळेत ज्यांनी बाटिकचा रुमाल केला असेल त्यांना हे लगेच कळेल. तत्त्व तेच, फक्त इथे कापडाऐवजी माती आणि मेण काढायला उकळत्या पाण्याऐवजी आग.

घरात लोणच्याची बरणी असेल तर ती उलटी करून पाहा. अंगावर गुळगुळीत झिलई, पण तळाची कड खरखरीत, उघडी. झिलई म्हणजे शेवटी वितळलेली काच. ती तळाला राहिली तर भांडं भट्टीतल्या फळीलाच चिकटतं, मग छिन्नी-हातोडा घेऊन बसा. कोणी तळाची झिलई ओल्या स्पंजने पुसून काढतात, कोणी आधीच मेण लावून ठेवतात. मी मेणवाली. म्हणजे नक्षीच्या आधी मेणाचा खरा उपयोग हा असा, तळाशी, कुणाला न दिसणारा. झाकणाच्या भांड्यात तर मेणात चिमूटभर ॲल्युमिना (भट्टीतही न वितळणारी पांढरी पूड) घालून झाकण टेकतं त्या काठाला लावावं लागतं, नाहीतर झाकण आणि भांडं भट्टीतून जन्माची गाठ बांधून बाहेर येतात.

आता गॅसवर मेण वितळवण्याबद्दल. २०११ च्या पावसाळ्यात मी नेमकं तेच केलं होतं. जुन्या ॲल्युमिनियमच्या भांड्यात मेणबत्त्या टाकल्या, भांडं थेट बर्नरवर ठेवलं, तेवढ्यात दारावरची बेल वाजली. धोब्याशी दोन मिनिटं हिशेब केला. परत आले तर भांड्यातून हातभर ज्वाळा. पहिला हात पाण्याच्या तांब्याकडेच गेला होता. माझं नशीब की ओट्यावर परात होती; गॅस बंद केला आणि परात पालथी घातली. पेटलेल्या मेणावर पाणी टाकलं की पाण्याची क्षणात वाफ होते आणि जळतं मेण चहूकडे उडतं. भिंतीवरचा काळा पट्टा मी दोन वर्षं मुद्दाम रंगवला नव्हता, शिकायला येणाऱ्या मुलींना दाखवायला. मेण वितळवायचंच असेल तर पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून, आणि शेजारून न हलता. मी तर आता पाण्यात घोळलेलं थंड मेण वापरते, दुधासारखं दिसतं. त्यात खायच्या गुलाबी रंगाचा एक थेंब घालते, म्हणजे कुठे लागलं आणि कुठे राहिलं ते दिसतं. तो रंगही जळून जातो. ब्रश आधी भांडी घासायच्या साबणात बुडवून घ्यायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी तो दाभणासारखा होतो.

मेण सोपं वाटतं आणि अद्दल घडवतं. नको तिथे एक थेंब पडला तर तो पुसता येत नाही, खरवडून निघत नाही. ते भांडं पुन्हा भट्टीत घालून मेण जाळावं लागतं. एका थेंबासाठी एक भट्टी! शिवाय मेणावर झिलईचे बारीक मणी अडकून राहतात, ते ओल्या स्पंजने एकेक टिपायचे. राहिले तर भाजल्यावर नक्षीवर देवीच्या व्रणांसारखे डाग.

दुसरी गोष्ट ‘रंगवणे’ या शब्दाची. लेखात तो नऊ वेळा आहे, मी मोजला. अंडरग्लेझ म्हणजे नावाप्रमाणे झिलईच्या खालचा रंग. तो तयार भांड्यावर चढवलेला थर नसतो. पांढऱ्या पातळ मातीत धातूंची भस्मं मिसळायची. शंभर ग्रॅममध्ये एखाद-दोन ग्रॅम कोबाल्ट निळ्याला पुरतं, लोह तपकिरी देतं, क्रोम हिरवा. कच्च्या किंवा एकदा भाजलेल्या भांड्यावर हे लावायचं आणि वर पारदर्शक झिलई. भाजल्यावर रंग काचेखाली कोंडला जातो, नखाने नाही की तारेच्या घासणीने नाही, निघत नाही. काम करताना समोर दिसतं ते काळपट, राखी चिखलासारखं काहीतरी. निळं कुठे येणार हे डोक्यात ठेवून हात चालवावा लागतो. आणि भट्टी कधीकधी स्वतःचं डोकं चालवते. एकदा मी क्रोमच्या हिरव्या मगांशेजारी कथिलाच्या पांढऱ्या झिलईचे वाडगे ठेवले. उघडलं तर वाडग्यांची मगांकडची बाजू गुलाबी! क्रोमची वाफ उडून कथिलावर बसली की असं होतं. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की वाण नाही पण गुण लागतो म्हणतात, इथे वाणच लागला. ते वाडगे सगळ्यात आधी विकले गेले, हा भाग वेगळा.

लेखात ही कला ‘अलीकडे परदेशातून आलेली’ असंही म्हटलं आहे. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८७० च्या दशकात जॉर्ज टेरी यांनी भांड्यांची कार्यशाळा काढली होती, तिथल्या भांड्यांवर अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेली नक्षी असे. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात ती पाहायला मिळतात. दीडशे वर्षांच्या गोष्टीला अलीकडची म्हणायचं असेल तर म्हणा.

कोरण्याबद्दल लेखात एकच ओळ आहे, ‘मग त्यावर कोरीवकाम होते’. मग म्हणजे कधी? सगळी गंमत त्या ‘कधी’मध्येच आहे. माती ओली असेल तर कोरताना दोन्ही बाजूंना चिखलाची मिशी उभी राहते. वाळली असेल तर कडा फुटतात आणि धूळ उडते. ही धूळ सिलिकाची, फुप्फुसात बसली की निघत नाही, म्हणून कोरडं भांडं पॉलिश पेपरने घासू नये हे मी पहिल्याच दिवशी बजावते. या दोन्हींच्या मधली अवस्था हवी. धंद्यात तिला लेदर-हार्ड म्हणतात, चामड्याइतकी घट्ट. मी मुलींना नारळाच्या वड्यांचं उदाहरण देते. ताटात थापल्यावर लगेच सुरी फिरवली तर रेघ बुजते, उशीर केला तर वडी फुटते. ती मधली दहा मिनिटं ओळखता येणाऱ्या बाईला कोरणं वेगळं शिकवावं लागत नाही. माझा माठ ज्या कुंभारकाकांकडून येतो त्यांनी मला याहून सोपी खूण दिली: भांडं गालाला लाव. गार लागलं तर आत अजून पाणी आहे. आजही मी तेच करते, गालाला मातीचा टिळा घेऊन दूधवाल्यासमोर जाते.

पुण्याच्या उन्हाळ्यात ही अवस्था दोन तासांत निघून जाते, जुलैत तीन दिवस येतच नाही. त्यामुळे लग्न, बारसं, मुंज सगळं मी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या भांड्यांवर अवलंबून ठरवते.

आणि आता तुमच्या फोटोतली ती बारीक निळ्या रेघांची बशी, जिच्याखाली ‘नाजूक ब्रशकाम’ असं छापलं आहे. मोठी करून पाहिली. ते ब्रशचं काम नाही, असा रेघेचा टोकापर्यंत एकसारखा जाडपणा ब्रशला येत नाही. लेदर-हार्ड बशीवर आधी सगळीकडे थंड मेण लावलं असणार. मग अणकुचीदार हत्याराने (माझं छत्रीच्या काडीचं आहे) मेणातून मातीपर्यंत रेघ ओढायची. त्या चरात निळं अंडरग्लेझ भरायचं. आजूबाजूला मेण असल्यामुळे रंग चरातच बसतो, वर सांडलेला ओल्या स्पंजने निघून जातो. मेण, रंग आणि कोरणं, तिन्ही एका रेघेत. कोरियात आठशे-नऊशे वर्षांपूर्वी कोरलेल्या नक्षीत पांढरी-काळी माती भरून वर हिरवट झिलई देत. ते काम पाहिलं की आपली रेघ किती थरथरते ते कळतं. ज्या कुणी ती बशी केली तिला माझा नमस्कार सांगा. तिच्या आठवड्याभराच्या कामाला ‘ब्रशकाम’ म्हटलेलं तिने वाचलं असेल आणि गप्प बसली असेल.

मी गप्प बसत नाही याला कारण प्रदर्शनातलं गिऱ्हाईक आहे. दिवाळीआधी एका प्रदर्शनात एक बाई मग हातात घेऊन म्हणाल्या, “ताई, नुसतं रंगवायचे साडेसातशे?” मी भट्टी दोनदा लागते वगैरे सांगायला लागले. त्या म्हणाल्या, शेजारच्या स्टॉलवर तीनशेला आहेत. होते. त्यांच्यावर छापील चित्राचा कागद चिकटवून भाजलेला होता, आणि पाटीवर ‘हॅंडपेंटेड’. बाईंचा दोष नाही. ‘रंगवलेलं’ हा एकच शब्द आपण सगळ्यांना लावला तर त्यांनी फरक कशावरून ओळखायचा? मगावरून बोट फिरवा म्हणाले असते तर कोरलेल्या चराचा उंचसखलपणा बोटाला लागला असता. तेवढं सुचलं नाही. रिक्षात बसल्यावर सुचलं.

तर माझी मागणी एवढीच की चौकटीची दुरुस्ती छापावी, आणि ती चौकटीएवढ्याच आकारात. मेण गॅसवर थेट वितळवू नये. ॲक्रिलिक आणि वार्निश लावलेल्या वाडग्यात चटणी, लोणचं, काहीही खाण्याचं ठेवू नये. ॲक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच, त्या वाडग्याला पुन्हा भट्टी नाही, वरचा थर आंबट-तेलकटाने सुटून पोटात जाणार. पणत्या आणि कुंड्या खुशाल रंगवा, आमच्या सोसायटीतली मुलं दरवर्षी रंगवतात.

आपल्या वार्ताहरांनी एकदा शेडवर यावं. येत्या शुक्रवारी दुपारी भट्टी उघडायची आहे, त्यात मेणाच्या नक्षीच्या बारा बश्या आहेत. त्यातल्या किती धड निघतील ते त्यांच्यासमोरच कळेल. फक्त चांगले कपडे घालून येऊ नये. भांड्यावरचं मेण भट्टीत जातं, सदऱ्यावरचं जात नाही.

आपली,
एक मातीकाम करणारी वाचक
धायरी, पुणे