हॉटेलांची चरबी गटारात नको, गॅसच्या टाकीत टाका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भरीत असो, शेवभाजी असो की मटणाचा रस्सा, खान्देशात तर्रीशिवाय जेवण होत नाही, पण हॉटेल-ढाब्यांवर भांडी घासल्यावर ते सगळं तेल जातं कुठे? थेट गटारात. गरम पाण्यासोबत वाहत जातं आणि पुढे थंड झालं की पाईपाला चिकटून बसतं. आमच्या जळगावात खानावळीमागचं चेंबर तुंबलं तेव्हा मी उभं राहून बघितलं, पांढरट-पिवळे गोळे निघत होते, फावड्याने तोडावे लागत होते, त्यात कांद्याची सालं न् प्लास्टिक रुतलेलं. काढणाऱ्या माणसाच्या हातात मोजे पण नव्हते. काढलेला माल ट्रॉलीत भरून गावाबाहेर टाकून आले, विषय संपला.

ही चरबी आणि एसटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात, पाणी साफ केल्यावर खाली उरणारा गाळ, दोन्हीतून गॅस निघतो. तत्त्व आपल्या गोबरगॅसचंच, बंद टाकी, आत हवा नाही, जिवाणू कुजवतात आणि साधारण ६० ते ६५ टक्के मिथेन असलेला गॅस मिळतो. नुसता गाळ टाकला तर गॅस बेताचाच निघतो, पण चरबीतून पिष्टमय पदार्थांच्या दुपटीहून जास्त मिथेन निघतो म्हणून दोन्ही एकत्र कुजवायचे. टाकीला ३५-३७ अंश तापमान लागतं, थंड देशात त्यासाठीच बराच गॅस जाळावा लागतो, आपल्याकडे तर ऊन फुकट आहे! हां, चरबी मोजूनमापूनच घालावी लागते, एकदम जास्त झाली तर टाकी आंबते, फेस येतो आणि गॅस बंद पडतो, त्यामुळे रोज लक्ष ठेवणारा शिकलेला माणूस पाहिजेच.

हे काही स्वप्नरंजन नाही. आपले कितीतरी खान्देशी लोक पोटापाण्यासाठी ज्या सुरतेला गेलेत तिथे २००३ मध्येच अंजणाच्या एसटीपीवर मैल्याच्या गॅसपासून अर्धा मेगावॅट विजेचा प्लांट सुरू झाला. नाशिकला २०१७ मध्ये जर्मनीच्या मदतीने शौचालयांचा मैला आणि हॉटेलांचं वाया गेलेलं अन्न एकत्र कुजवायचा प्रकल्प झाला. दोन्ही शहरं आपल्या शेजारची, मग जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबारला का नको? हाच गाळ उघड्यावर कुजला तरी मिथेन निघतोच, फक्त तो हवेत जातो आणि कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो.

एक सांगतो, मशीन आणणं सोपं आहे, माल गोळा करणं अवघड. प्रत्येक हॉटेलाच्या मोरीखाली ग्रीस ट्रॅप, म्हणजे पाण्यातली चरबी अडवणारी पेटी, सक्तीचा करा आणि तो उपसायला पालिकेचा टँकर ठरलेल्या दिवशी पाठवा, नाहीतर मालक तो ट्रॅप रात्री गटारातच रिकामा करणार. तळणीचं उरलेलं तेल यात घालू नका, त्याचं बायोडिझेल होतं, केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची (एफएसएसएआय) २०१८ पासूनची योजना त्यासाठीच आहे. आणि गॅस काढल्यावर उरलेली स्लरी शेतकऱ्याला द्यायच्या आधी तपासा, एमआयडीसीचं पाणी त्या लाईनीत मिसळत असेल तर जड धातू केळीच्या बागेत जातील.

सुरुवात हॉटेलवाल्यांच्या एका गल्लीपासून करा आणि यंदाच्या बजेटात टँकर न् ट्रॅपसाठी पैसे धरा. नगरसेवकांना एवढीच विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक, जळगाव