पन्नासाला एक

प्रिय बाळ्या,

तुझं गुडघेपुराण वाचलं. "सायकल आता आपल्याच्याने होणे नाही" म्हणे! उत्तर मुद्दाम लांबवलं. म्हटलं, आधी न्यूझीलंडचा ओटागो रेल ट्रेल करून येऊ, मग तुझी हजेरी घेऊ.

क्लाइड ते मिडलमार्च, १५२ किलोमीटर. १९९० मध्ये इथली रेल्वे बंद पडली, रूळ निघाले, आणि २००० साली ती वाट सायकलींना मोकळी झाली. आता नुसती बारीक खडीची वाट.

लेका, तुझ्यासारख्यांची सोय रेल्वे बांधणाऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वीच करून ठेवलीय. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, इंजिनाला उभा चढ झेपत नाही. म्हणून टेकडी आडवी आली की फोडायची, खोलगट भाग आला की भराव घालायचा. टायगर हिलला तर वाट ऐसपैस वळणं घेत वर जाते, चढ पन्नासाला एक, म्हणजे पन्नास मीटर पुढे गेलं की जेमतेम एक मीटर वर. सगळ्यात उंच जागा ६१८ मीटरवर. दम कधी लागतो याची मी वाट बघत होतो, आणि उतार सुरूसुद्धा झाला.

छळतो तो वारा. उघड्या माळावर तो तोंडावर आला की सपाटीलाही हलका गिअर टाकावा लागतो. गुडघ्यापेक्षा त्याची काळजी कर.

पूलबर्नची घळ मात्र मनात घर करून बसलीय. तिथल्या बोगद्यांत दिवे नाहीत. टॉर्च क्षणभर बंद केला तर हँडलवरचा स्वतःचा हात दिसेना, फक्त टायरखाली खडी चुरचुरत होती. जवळच ३७ मीटर उंचीचा पूल, दगडी खांबांवर. त्याच्या फळ्यांवरून जाताना सायकल अशी खडखडते की आपोआप नजर खाली जाते. मी उतरून चाललो, हसू नकोस.

पुढे हाइडजवळ स्मारक आहे. ४ जून १९४३ ला भरधाव आगगाडी वळणावर घसरली, २१ माणसं गेली. तिथे सगळेच जरा थांबतात.

सायकल तिथेच भाड्याने मिळते, बॅटरीवालीसुद्धा. सामान पुढच्या मुक्कामी गाडीने पोचवतात. म्हणजे तुझी सगळी कारणं संपली. पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे त्यांच्या, डिसेंबर ते फेब्रुवारीत, कधी जमतंय ते कळव. डॉक्टरला विचार, पण त्याच्या आड लपू नकोस.

तुझाच,
दाद्या