मुठीतले चिंचोके

प्रिय मित्रा,

परवा फोनवर म्हणालास, लेक आठ अधिक पाच करायला अजून एकपासून बोटं मोजते आणि तू चिडलास. तेव्हापासून तुला सविस्तर लिहायचं मनात होतं. तिच्यावर रागावू नकोस रे. तिला बेरीज कळते, पाच फोडता येत नाहीत एवढंच.

आपण काय करतो बघ. आठाचे दहा व्हायला दोन हवेत. ते पाचातून काढले, तीन उरले, झाले तेरा. पाच म्हणजे दोन नि तीन, दहा म्हणजे आठ नि दोन, हे आपल्या जिभेवर असतं. तेरातून पाच काढतानाही आधी तीन काढतो, मग दोन. पुढची हातच्याची गणितं यावरच उभी राहतात. दहाची नोट सुटी करावी तसा आकडा सुटा करता यायला हवा.

पहिलीच्या वर्गात मी चिंचोके घेतो. आपल्या आज्या पटावर दान टाकायला करायच्या तसे, फरशीवर घासून मधोमध फोडलेले. एक बाजू पांढरी, एक तपकिरी. मुलं पाच फोडी मुठीत खुळखुळवून टाकतात आणि ओरडतात, "तीन पांढरे, दोन काळे!" पाचही पांढरे क्वचितच पडतात. पडले तेव्हा एकाने विचारलं, "गुरुजी, काळे शून्य लिहू?" शून्य शिकवायला मला याहून चांगली वेळ सापडली नसती.

मग मुठीचा खेळ. सहा चिंचोके सगळ्यांसमोर मोजायचे, काही मुठीत लपवायचे, उरलेले बाहेर ठेवून विचारायचं, आत किती? एक मुलगी कितीतरी दिवस बाहेरचे पुन्हा पुन्हा मोजायची आणि माझ्या मुठीकडे बघत अंदाजाने काहीतरी सांगायची. मी उत्तर सांगत नव्हतो, फक्त मूठ उघडायचो. गेल्या आठवड्यात बाहेर दोन होते. तिचं बोट हललं नाही, ओठ हलले नाहीत. "चार," म्हणाली, आणि मी मूठ उघडायच्या आत पुढच्या डावासाठी चिंचोके गोळा करायला लागली. तिला बघायची गरजच उरली नव्हती! घरी येईपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर तेच होतं.

तू एवढंच कर. छापील कागद बाजूला ठेव. शेंगदाणे घे आणि निदान आठवडाभर पाचाच्या पुढे जाऊ नकोस. तीन-चार वस्तू मुलांना न मोजता नुसत्या नजरेने कळतात, म्हणून लहान आकड्यात हात लवकर बसतो. सहा-सात नंतर घे, एक हात आणि वर एक, एक हात आणि वर दोन, असे. मूठ कधी तिलाही धरू दे. बापाची परीक्षा घ्यायला तिला फार आवडेल. चुकली तर "पुन्हा मोज" म्हणू नकोस, मूठ उघड.

सुट्टीत तिला घेऊन इकडे ये. तिच्यासाठी दहा चिंचोके घासून ठेवतो.

तुझाच,
मास्तर