शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र: वेब डिझाइनचं प्रात्यक्षिक कागदावर?

प्रति,
माननीय शिक्षणमंत्री महोदय,

सा. न. वि. वि.

आपण कामात असाल, म्हणून प्रास्ताविक न करता मुद्द्यावर येते. 'वेब आणि डिजिटल माध्यम रचना' या नव्या विषयाचा दहावीचा निकाल लागला. माझ्या वर्गात ज्या मुलीला हा विषय सगळ्यांत चांगला येतो, ती प्रात्यक्षिकात काठावर पास झाली आहे. विश्वास बसेना म्हणून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली. प्रश्न होता: मथळा पानाच्या मधोमध आणा. तिने सीएसएसमध्ये, म्हणजे पान कसं दिसावं हे सांगणाऱ्या भाषेत, टेक्स्ट-अलाइन लिहून तो मधोमध आणला. परीक्षकांनी त्यावर फुली मारली आणि शेजारी लिहिलं, 'सेंटर टॅग अपेक्षित'.

महोदय, टॅग म्हणजे एचटीएमएल या वेबपानाच्या भाषेतली खूण. सेंटर टॅग टाळा, हे १९९७ साली त्या भाषेची चौथी आवृत्ती, एचटीएमएल ४, आली तेव्हाच सांगून झालं आहे. २०१४ च्या एचटीएमएल ५ मध्ये तर तो रीतसर मोडीत निघाला. म्हणजे जी गोष्ट टाळा असं या मुलीच्या जन्माआधीच सांगून झालं होतं, ती तिने वापरली नाही म्हणून तिचे गुण कापले. ज्यांनी घोकून सेंटर टॅग लिहिला त्यांना पैकीच्या पैकी. मार्की टॅगवरही एक प्रश्न होता, चार गुणांचा. अक्षरं सरकवणारा हा टॅग कुठल्याच प्रमाण आवृत्तीत कधी बसला नाही. पाठ्यपुस्तकात मात्र त्याला आख्खं पान आहे, आणि त्याच्यापुढे फ्लॅशमध्ये अ‍ॅनिमेशन कसं करावं याचा धडा. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं. ते बनवणाऱ्या अडोबी कंपनीने हे जवळपास साडेतीन वर्षं आधी जाहीर केलं होतं. आपल्या पुस्तक समितीपर्यंत ती बातमी अजून पोचायची आहे.

आता वाचणाऱ्याला प्रश्न पडेल की प्रात्यक्षिकाला उत्तरपत्रिका कशी काय? तीच तर खरी गंमत आहे. विषय सुरू झाला तेव्हा आपण व्यासपीठावरून सांगितलंत की प्रत्येक माध्यमिक शाळेत अद्ययावत लॅब होईल. किती हजार लॅब, तो आकडा दर भाषणात वेगळा होता, पण 'प्रत्येक शाळेत' हे शब्द कायम होते. त्या नव्या लॅब आल्या नाहीत. परीक्षेच्या तोंडावर परिपत्रक आलं: संगणक उपलब्ध नसल्याने प्रात्यक्षिक लेखी स्वरूपात घ्यावं. वेबपान कागदावर लिहायचं, रंगाच्या जागी रंगाचं नाव लिहायचं, व्हिडिओच्या जागी चौकट आखून आत 'व्हिडिओ' असं लिहायचं. कागदी घोडे नाचवण्याची आपल्या खात्याची परंपरा जुनी आहे हे माहीत होतं. वेबसाइटसुद्धा कागदी असेल, हे मात्र मला सुचलं नसतं.

कागदाचं मला वावडं नाही. माझी मुलं आधी पेन्सिलीनेच पानाचा आराखडा काढतात: मेनू कुठे, शोधायची जागा कुठे, बोटाला बटण सापडेल का. पण पुढचं सगळं पडद्यावर घडतं. वर्षाच्या सुरुवातीची गोष्ट सांगते. एका मुलाने शाळेच्या ग्रंथालयासाठी पान केलं. इंग्रजी नमुना घेऊन त्यात मराठी मजकूर घातला, आणि वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकले. 'वृत्तपत्र'मधला ऋकार तर अर्धा कापलाच गेला. बराच वेळ त्याला वाटत होतं की फॉन्ट बिघडला. मग त्याने ओळींमधलं अंतर १ वरून १.६ केलं आणि ओळी मोकळ्या झाल्या. देवनागरीला वर-खाली जागा लागते, ही गोष्ट त्या पोराला कुणी टिपणात लिहून दिली नव्हती. त्याने आकडा बदलला, रिफ्रेश केलं, पाहिलं, पुन्हा बदलला. या विषयात शिकणं म्हणतात ते एवढंच आहे. कागदाला रिफ्रेशचं बटण नसतं, महोदय.

आणि हिशेबच पाहायचा तर पाहा. वर्गात ४८ मुलं. संगणक १२, पैकी सुरू होणारे ८. म्हणजे एका यंत्राला सहा डोकी. तासिका ३५ मिनिटांची, त्यातली दहा मिनिटं यंत्रं सुरू होण्यात जातात. उरलेली २५ सहा जणांत वाटा: प्रत्येकाच्या वाट्याला चार मिनिटं. आठवड्याला एक तासिका, वर्षाचे धरून चाला तीस आठवडे. एका मुलाचा हात वर्षभरात दोन तास माऊसवर. त्यातून परीक्षा, स्नेहसंमेलन आणि वीज गेलेले दिवस अजून वजा केलेले नाहीत. दोन तासांत तुम्हाला 'डिजिटल पिढी' हवी आहे. घरी करतील म्हणावं, तर शंभरातल्या नव्वद मुलांच्या घरी संगणक नाही, आई किंवा वडिलांचा फोन आहे. हा आकडा कुठल्या अहवालातला नाही. कुठल्याही वर्गात जाऊन मुलांना हात वर करायला सांगा.

माझं काय, हे कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. तासिका तत्त्वावरची शिक्षिका आहे मी. सुट्टीत पगार नाही, आजारी पडले तर तो तास बुडीत. लॅबचं नेट गेलं की माझ्या फोनचा हॉटस्पॉट. यूपीएसची बॅटरी फुगली तेव्हा मागणीपत्र तीन प्रतींत द्यायला सांगितलं, तीन प्रतींत दिलं, पुढच्या वर्षी कुणीतरी येऊन बॅटरी खरंच फुगली आहे का हे पाहून गेलं. यंत्रांत नवं सॉफ्टवेअर चालत नाही, म्हणून जुन्या यंत्रांवर लिनक्स टाकलं, चित्रांसाठी गिम्प आणि इंकस्केप, आवाजासाठी ऑडॅसिटी. सगळं मोफत, सगळं माझ्या रात्रींच्या झोपेच्या हिशेबात. त्यावर तपासणीला आलेल्या साहेबांनी नोंद केली की 'मंजूर सॉफ्टवेअर आढळले नाही'. मंजूर यादीतला फ्रंटपेज, म्हणजे वेबपानं बनवायचा मायक्रोसॉफ्टचा प्रोग्राम, कंपनीने २००६ सालीच गुंडाळला आहे. तो कुठून आणू? डोळ्यांचा नंबर वाढला, मान धरते, घरचे म्हणतात दुसरी नोकरी बघ. बघेनही. पण आधी त्या फुलीचा हिशेब हवा.

प्रशिक्षण झालं ना, असं आपलं खातं विचारेल. झालं. एका पोर्टलवर व्हिडिओ बघायचे, शेवटी दहा प्रश्न, मग आपल्या सहीचं प्रमाणपत्र. व्हिडिओ चालू करून माणूस उठून गेला तरी प्रमाणपत्र मिळतं, हे सगळ्या शिक्षकांना ठाऊक आहे आणि खात्यालाही.

त्या पोर्टलवरून आठवलं. लॅबमध्ये करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं, म्हणून मी मुलांना प्रकल्प दिला: एखादी रोज वापरातली वेबसाइट तपासा आणि सुधारा. त्यांनी आपल्याच खात्याचं पोर्टल निवडलं. (निवड त्यांची, पण मी अडवलं नाही.) वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठी डब्ल्यूसीएजी नावाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांनुसार साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा काँट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५ ला १ लागतो. आपल्या 'महत्त्वाच्या सूचना' पांढऱ्यावर पिवळ्या अक्षरांत आहेत. मुलांनी ब्राउझरमध्येच मोजलं: १.०७. म्हणजे कोऱ्या कागदापेक्षा एक नखभर जास्त दिसतं. परिपत्रकं सगळी स्कॅन केलेली चित्रं. माझ्या वर्गात एका मुलाला फारच कमी दिसतं, तो एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरची अक्षरं वाचून ऐकवणारा प्रोग्राम, वापरतो. त्या परिपत्रकावर गेल्यावर त्याच्या कानात काहीच येत नाही, कारण वाचायला अक्षरंच नाहीत. जी थोडी टाइप केलेली परिपत्रकं आहेत ती जुन्या फॉन्टमध्ये, दुसऱ्या यंत्रावर उघडली की मंत्रतंत्र लिहिल्यासारखी दिसतात आणि शोधून सापडत नाहीत. युनिकोड म्हणजे कुठल्याही यंत्रावर अक्षरं तीच राहावीत म्हणून ठरवलेली पद्धत. देवनागरी तिच्या पहिल्या आवृत्तीपासून, १९९१ पासून तिच्यात आहे. तेव्हाचे कारकून आता निवृत्त झाले असतील.

सगळ्यांत मजा आपल्या फोटोची. मुखपृष्ठावर कोपऱ्यात आपली हसरी छबी आहे, २०० बाय १५० पिक्सेलच्या चौकटीत. मुलांनी फाइल उघडून पाहिली तर मूळ फोटो ४००० बाय ३००० चा. दाखवायला लागतात त्याच्या चारशेपट पिक्सेल दर वेळी प्रत्येकाच्या फोनवर उतरतात, ज्याचा डेटा संपत आला आहे त्याच्याही. एका मुलीने तो फोटो छोटा करून जतन केला आणि दोन्ही शेजारी ठेवून वर्गाला विचारलं, फरक सांगा. कुणालाच सांगता आला नाही. छोट्या फाइलमध्येही आपण तसेच दिसता, महोदय, काळजी नसावी.

ही तीच मुलगी, सेंटर टॅग न लिहिलेली. तिला आपल्या व्यवस्थेने काठावर पास ठरवलं आणि ज्यांनी ते पोर्टल बनवलं त्यांची बिलं मंजूर केली. मला आता गुणांपेक्षा याचाच जास्त राग येतो. निविदा निघते संगणकांच्या खोक्यांची. किती खोकी आली हे मोजलं जातं, किती यंत्रं दुसऱ्या वर्षी सुरू होतात हे कुणी मोजत नाही, कारण खोक्यांबरोबर फोटो निघतो आणि दुरुस्तीबरोबर निघत नाही. देखभालीचा ठेकेदार एकदा येतो, सही घेतो, फोन उचलत नाही. विषय नवा आणायचा, पुस्तक जुन्यातून कापून चिकटवायचं, शिक्षक तासावर आणायचा, परीक्षा घोकंपट्टीची ठेवायची आणि मग परदेशी शिष्टमंडळासमोर सांगायचं की आमच्याकडे शाळेपासून डिझाइन शिकवतात. विज्ञानाच्या प्रयोगाचंही हेच झालं, चित्रकलेचंही हेच. प्रयोगवही भरलेली, परीक्षानळी कपाटात. ज्या विषयात हात लागतो त्या विषयाची आपल्याकडे लेखी परीक्षा होते, कारण लेखी परीक्षा घ्यायला सोपी, तपासायला सोपी आणि तिच्यात नापास झालं तर दोष मुलाचा.

हल्ली आणखी एक उत्तर ऐकू येतं. आता एआय पान बनवून देतं, शिकवायचं कशाला? बनवून देतं, मान्य. मी मुलांना तेही करायला लावलं. पान देखणं आलं, आणि त्यातल्या एकाही चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे न दिसणाऱ्याला चित्राऐवजी ऐकू येणारं वर्णन, नव्हता. माझ्या त्या कमी दिसणाऱ्या विद्यार्थ्यानेच ते पकडलं, मिनिटभरात. कुणाला काय अडतं हे ज्याने शिकलं आहे, त्यालाच यंत्राची चूक दिसते. बाकीचे टाळ्या वाजवतात. अभ्यासक्रमात 'वापरणारा माणूस' हा शब्दप्रयोग एकदाही नाही. फोटो कुणाचा, तो वापरायची परवानगी आहे का, क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे काय, यावर एक ओळ नाही. व्हिडिओखाली मजकूर का द्यावा, यावर नाही. 'संगणकाचे फायदे लिहा' मात्र आहे.

मागण्या लांबलचक नाहीत. ज्यांनी सीएसएस वापरून बरोबर उत्तर लिहिलं त्यांच्या उत्तरपत्रिका जाणकाराकडून पुन्हा तपासून घ्या, आणि त्याचं शुल्क मुलांकडून मागू नका. पुढच्या वर्षी लेखी प्रात्यक्षिकाऐवजी वर्षभराच्या कामाचा संग्रह पाहा: मुलाने काय केलं, कुणाला वापरायला दिलं, मग काय बदललं. फ्लॅशचा धडा काढा. यंत्रं नवी देता येत नसतील तर आहेत ती दुरुस्त करायला शाळेच्या हातात पैसे द्या. आणि हा विषय खरंच चालवायचा नसेल तर तसं सांगून बंद करा, निदान मुलं दुसरा विषय घेतील.

पुनर्मूल्यांकनाची मुदत येत्या शुक्रवारी संपते आहे. अर्ज फक्त आपल्या पोर्टलवरूनच करायचा आहे, आणि फोनवर त्या अर्जातलं 'जतन करा' हे बटण पडद्याच्या बाहेर जातं. माझ्या मुलांनी त्यावर उपाय म्हणून सीएसएसच्या तीन ओळी लिहून ठेवल्या आहेत. आपल्या ठेकेदाराने मागितल्या तर लगेच पाठवते.

कळावे,
नववी-दहावीला वेब डिझाइन शिकवणारी
तासिका तत्त्वावरची एक शिक्षिका