कोमातील रुग्णाचे पालकत्व आणि ऐकीव सल्ले

महोदय,

घरातला कर्ता माणूस कोमात गेला की रुग्णालयाच्या व्हरांड्यातच सल्ले सुरू होतात : 'अंगठा उठवून घ्या, स्टॅम्पपेपरवर मुखत्यारपत्र करा, बँकेचे काम होईल.' सल्ला आपुलकीचा असला तरी घातक आहे. शुद्धीत नसलेला माणूस मुखत्यारपत्र देऊच शकत नाही, आणि आधी दिलेले असले तरी, देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की करार कायद्याच्या कलम २०१ नुसार ते सर्वसाधारणपणे संपुष्टात येते.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ अन्वये जिल्ह्यातील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा, म्हणजे त्यांच्या वतीने निर्णय घेण्याच्या कायदेशीर अधिकाराचा, अर्ज करता येतो. कोमातील रुग्णासाठी मात्र असा स्वतंत्र कायदाच नाही. नातेवाइकांना राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जावे लागते. औषधांची बिले रोज थकत असताना नवऱ्याच्याच खात्यातील पैशांसाठी बायकोला ही पायपीट करावी लागणे अन्यायाचे आहे. संसदेने याबाबत तातडीने कायदा करावा. तोवर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांनी, जेथे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, निदान मोठ्या रुग्णालयांत आपल्या माहितीचा फलक तरी लावावा.

– एक वाचक, सांगली