विधी विद्यार्थ्यांची इंटर्नशिप ओळखीवर सोडू नका

संपादक महोदय,

घरात किंवा नात्यात वकील असेल तर विधी शाखेच्या विद्यार्थ्याची इंटर्नशिप एका फोनवर जमते. नसेल तर प्रमाणपत्रावर सही देणारा कुणीतरी शोधत तो न्यायालयाच्या आवारात हिंडतो. हा फरक मिटवणे महाविद्यालयाच्या हातात आहे आणि त्याला लागणारी बहुतेक साधने आजही उपलब्ध आहेत.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करावीच लागते. एका वर्षात ती सलग चार आठवड्यांहून जास्त चालत नाही. म्हणजे शेवटच्या वर्षी जागे होऊन १२ आठवडे एका दमात उरकता येत नाहीत. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट प्रवेशाच्या वेळीच लेखी द्यायला हवी. प्रत्यक्षात अनेकांना ती सीनियर विद्यार्थ्यांकडून कळते, तीही अर्धवट.

महाविद्यालये साधारणपणे ‘संबंधितांस’ असे एक पत्र हातात देतात आणि तिथेच त्यांचे काम संपते. पुढे काय होते ते इंटर्नशिपच्या डायऱ्या उघडल्या की दिसते. चार-पाच डायऱ्यांत तेच खटले, त्याच तारखा, तीच वाक्ये. मे महिन्यात दिवाणी न्यायालयांना उन्हाळी सुटी असते, तरी मेच्या मध्यावर दिवाणी दाव्यातील उलटतपास ऐकल्याची नोंद सापडते. याचा दोष विद्यार्थ्यांवर टाकून मोकळे होणे सोपे आहे. परीक्षा संपता संपता न्यायालयांची सुटी लागते आणि महाविद्यालय सुरू असताना हजेरीची ७० टक्क्यांची अट असते. मग त्याने जायचे कधी? वेळापत्रकात आठवड्यातला एक पूर्ण दिवस न्यायालयासाठी मोकळा ठेवला तर ही अडचण बरीच सुटेल.

डायरी तपासण्याचा एक साधा उपाय आहे. प्रत्येक नोंदीपुढे त्या प्रकरणाचा सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक, लिहायला लावावा. हा १६ अक्षरांकांचा क्रमांक ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर टाकला की कोणत्या तारखेला काय कामकाज झाले, पुढची तारीख कशासाठी पडली, हे समोर येते. दर पंधरा दिवसांनी प्राध्यापकांनी पाच नोंदी पडताळल्या तरी नकला बंद होतील. तोंडी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात शंभर डायऱ्यांवर सह्या करण्याला तपासणी म्हणता येत नाही. अभिरूप न्यायालय (सरावासाठी चालवलेला नकली खटला) आणि इंटर्नशिप या विषयाचे १०० गुण आहेत: तीन अभिरूप न्यायालयांचे ३०, एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष पाहण्याचे ३०, पक्षकाराच्या मुलाखती आणि दावा दाखल करण्याची प्रक्रिया पाहण्याचे मिळून ३० आणि तोंडी परीक्षेचे १०. यातला मोठा भाग न्यायालयात किंवा वकिलाच्या कार्यालयात जाऊन मिळवायचा आहे. तिथे जाण्याची सोयच नसेल तर हे गुण कशाचे?

म्हणून प्रत्येक विधी महाविद्यालयात इंटर्नशिप कक्ष हवा. एक प्राध्यापक त्याचा प्रमुख असावा आणि त्याचे तासिकांचे ओझे तेवढे कमी करावे, नाहीतर तो कक्ष फलकापुरता उरतो. स्थानिक वकील संघाच्या मदतीने विद्यार्थी घ्यायला तयार असलेल्या वकिलांची यादी करावी. एका वकिलाकडे एका वेळी दोनच विद्यार्थी द्यावेत. सोबत एक पानी कामाचा तक्ता असावा. पहिल्या आठवड्यात बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) वाचणे, वकीलपत्र आणि रोजनामा (तारखेनिहाय कामकाजाची नोंद) समजून घेणे. दुसऱ्यात एका जुन्या प्रकरणाची फाइल वाचून घटनाक्रम लिहिणे. तिसऱ्यात नोटीस किंवा साध्या अर्जाचा मसुदा. चौथ्यात एका साक्षीदाराचा सरतपास (त्याला बोलावणाऱ्या पक्षाच्या वकिलाने विचारलेले प्रश्न) आणि उलटतपास पूर्ण ऐकून टिपण. असा तक्ता नसला की विद्यार्थी चार आठवडे झेरॉक्स काढतो आणि वकिलालाही त्याला काय द्यावे ते सुचत नाही.

दुसरा रस्ता विधी साहाय्याचा. प्रत्येक विधी महाविद्यालयाने विधी साहाय्य केंद्र चालवावे, ते ज्येष्ठ प्राध्यापकाच्या देखरेखीखाली अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी सांभाळावे, असे नियमातच आहे. अनेक ठिकाणी दारावर पाटी आहे आणि खोलीला कुलूप. आठवड्यातले दोन ठरलेले दिवस, नोंदवही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे अर्ज आणि १५१०० हा हेल्पलाइन क्रमांक भिंतीवर, एवढ्यावर केंद्र सुरू होते. विद्यार्थ्यांना विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे कलम १२ मात्र नीट शिकवावे. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, कोठडीतील व्यक्ती यांना मोफत विधी साहाय्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तरीही पोटगीसाठी आलेल्या बाईला उत्पन्नाचा दाखला आणायला परत पाठवले जाते. तहसील कार्यालयाच्या दोन खेपा आणि बुडालेली मजुरी एवढ्यावरच तिचा धीर सुटतो.

इंटर्नशिपला जाणाऱ्या विद्यार्थिनींसाठी आणखी एक गोष्ट लेखी द्यायला हवी. लैंगिक छळाविरोधातील २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थीही येतात, मग मानधन मिळो वा न मिळो. पण ज्या वकिलाकडे दहापेक्षा कमी माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती नसते. अशी तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची असते, साधारणपणे तीन महिन्यांच्या आत. समिती कारणे नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. हे माहीत नसल्याने कुठे जावे हे शोधण्यातच मुदत निघून जाते. समितीचा पत्ता इंटर्नशिपच्या पत्राच्या मागच्या बाजूला छापला तर खर्च शून्य.

विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीच्या समुपदेशनाबाबतही आता पळवाट उरलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचे आहे. कायदा शिकवणाऱ्या संस्थांनी तरी याची अंमलबजावणी सर्वांआधी करावी. तोवर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक प्रत्येक वर्गात लावावा.

ग्रंथालयाविषयी थोडे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम लागू झाले, पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी भारतीय दंड संहिताच लागू राहते. म्हणून जुनी पुस्तके रद्दीत काढू नयेत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन आणि ते अधिकार आता ५२८ मध्ये आहेत. अशा गोंधळासाठी तुलनात्मक तक्ता वाचनकक्षात टांगलेला हवा.

आणि मराठी. राज्यातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. तरी अभिरूप न्यायालय बहुधा इंग्रजीतच होते, मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी मागच्या बाकावर बसतो आणि इंग्रजीत शिकलेल्याला कैफियत (दाव्याला प्रतिवादीचे लेखी उत्तर) लिहिता येत नाही. तीनपैकी एक अभिरूप न्यायालय मराठीत घ्यावे. दावा, कैफियत, निशाणी ५ चा तूर्तातूर्त मनाईचा अर्ज आणि पुरसीस (पक्षकाराने न्यायालयाला दिलेले लेखी निवेदन) असे चार मसुदे प्रत्येकाकडून हाताने लिहून घ्यावेत. विद्यापीठांनी संलग्नतेच्या तपासणीत खोल्या आणि पुस्तके मोजली जातात, तशीच विधी साहाय्य केंद्राची नोंदवही आणि इंटर्नशिपची वकील-यादी मागावी. ती कोरी निघाली तर तसा शेरा अहवालात लिहावा.

– विधी महाविद्यालयांत शिकवणारे काही प्राध्यापक